गतिनाथांच्या हळदीच्या रेघा

"चालले! आजोबा चालले!"

आरोळी उठली आणि मुलुंडच्या त्या लग्नाच्या हॉलमधली तीनेकशे माणसं एकदम उभी राहिली. मागच्यांना दिसेना, तेव्हा ते सोनेरी कापडाच्या खुर्च्यांवर चढले. ज्या स्टेजवर एरवी नवरा-नवरी आहेर घेत उभी असतात, तिथे भगव्या गादीवर श्री गतिनाथ महाराज बसले होते. स्टेजखालच्या मोकळ्या जागेत फरशीवर हळदीच्या जाड रेघा आखल्या होत्या, एका पावलाच्या अंतरावर एक, अशा चौदा. आणि पाच मिनिटांपूर्वी ज्याला दोघांनी बखोटीला धरून आत आणलं होतं तो सत्तरीचा म्हातारा त्या रेघा ओलांडत ढोलाच्या ठेक्यावर ताडताड चालत होता.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुलक्षणा पेडणेकरने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"मी सांगत नव्हते?" शेजारच्या घरातल्या जयंतीकाकू तिच्या कानाशी म्हणाल्या. "आता तुमच्या ह्यांचा नंबर."

दत्ताराम रेघांकडे बघत होता. चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी कंपवाताने धरल्यापासून तो चेहरा हळूहळू कोरा होत गेला होता. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणायचे. पवईच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ यंत्रावर उभा राहिलेला, केसाइतका फरक बोटाने ओळखणारा टर्नर तो. आता घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला की फेविकॉल लावल्यासारखे त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे जायचं, पाय मागेच राहायचे. दिवसातून सहा वेळा गोळ्या. गोळी लागू असेपर्यंत बरं, उतरली की पुन्हा लाकूड. "हा आजार बरा होत नाही, पेडणेकर, सांभाळायचा असतो," हे डॉक्टरांचं वाक्य सुलक्षणाने सात वर्षं ऐकलं होतं. सांभाळत तीच होती.

स्टेजवरून महाराजांचं चालूच होतं. "मेंदू म्हणजे काय? मेंदू म्हणजे मंगळ! मंगळाची गती आणि पायाची गती, दोन्हींची फ्रिक्वेन्सी एक! आणि हळद ही मंगळाची सख्खी बहीण. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे कळलं, आपल्या डॉक्टरांना अजून कळेना. कारण त्यांना कळून घ्यायचंच नाही!"

टाळ्या पडल्या. मंगळाला बहीण कधी झाली, हे कुणी विचारलं नाही.

दत्तारामचा नंबर आला. खुर्चीतून उठवलं, पण रांगेच्या तोंडाशीच त्याचे पाय थिजले. येताना सकाळची गोळी द्यायची नाही अशी सेवेकऱ्यांची सक्त ताकीद होती. उपाशी पोट, अंगावर धुतलेला कपडा, औषधाचा कणही पोटात नको. सुलक्षणाने ते सगळं पाळलं होतं. त्यामुळे दत्ताराम नेहमीपेक्षा जास्तच आखडला होता. शेवटी दोन सेवेकऱ्यांनी त्याला उचलूनच आणला. लोक हळहळले.

महाराज खाली उतरले. लाल दोऱ्याने त्यांनी दत्तारामचा पाय कमरेपासून टाचेपर्यंत मापला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्या मापाने सेवेकऱ्याला नव्या रेघा मारायला सांगितल्या. मग ढोल सुरू झाला आणि महाराज ओरडले, "चालता हो!"

कुणाच्या दारात हे शब्द ऐकले असते तर माणूस अपमानाने परत फिरला असता. इथे दत्ताराम पुढे निघाला. एक रेघ, दुसरी, तिसरी. गुडघा उचलून, टाच टेकवून, लांब पावलं टाकत. चौदावी रेघ ओलांडताच सेवेकऱ्यांनी त्याला मिठी मारली, खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. सुलक्षणा तोंडाला पदर लावून रडत होती. आपला नवरा असा चालताना तिने चार वर्षांत पाहिला नव्हता. खोटं कसं म्हणायचं? तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

निघताना महाराजांनी आज्ञा केली. "माई, गोळ्या म्हणजे पायातलं कुलूप. रेघ किल्ली आहे. कुलूप काढून टाका. घरी रेघा मारा, रोज अकरा वेळा चालवा."

* * *

नाहूरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात त्या संध्याकाळी मोठं भांडण झालं. मुलगी मानसी पवईला एका ऑफिसात कामाला होती, आईवडिलांबरोबरच राहायची.

"आई, वेड लागलंय का तुला? गोळ्या अशा झटक्यात बंद करतात? निदान डॉक्टरांना फोन तरी कर!"

"काय सांगतील डॉक्टर? बरा होत नाही, हेच ना?" सुलक्षणाचा आवाज चढला. "तू सकाळी जातेस, सातला येतेस. संडासाच्या दारात अर्धा अर्धा तास मी उभी असते यांना धरून. तू पाहिलं नाहीस गं ते चालताना!"

ते खरं होतं, हे मानसीला ठाऊक होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

बऱ्याच वेळाने त्याचे ओठ हलले. "बघूया गे," तो घरच्या मालवणीत पुटपुटला. "हॉलात चललंय मी."

त्या तीन शब्दांपुढे मानसीने हात टेकले. "निम्म्या तरी चालू ठेव," एवढंच ती म्हणाली. सुलक्षणाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच गोळ्या कपाटातल्या डब्यात ठेवून दिल्या.

पहिले दोन दिवस हळदीच्या रेघांनी काम केलं. ती टाळ्या वाजवायची, तो बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जायचा. तिसऱ्या दिवशी त्याला पलंगावर कूस बदलता येईना. चौथ्या दिवशी चहा ओठांच्या कडेने बाहेर यायला लागला. मानसी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने बंगलोरला होती. फोनवर सुलक्षणा तिला "ठीक आहे" म्हणत राहिली. पाचव्या दिवशी तिने सेवेकऱ्यांना फोन लावला.

"माई, हे शुद्धीकरण. सात वर्षांचं विष निघतंय, घाई करू नका."

"पण ते बोलतच नाहीत ओ. नुसते बघत राहतात."

"आत जप चालू असेल."

सहाव्या दिवशी दुपारी तिने त्याच्या कपाळाला हात लावला तर तो भाजला. ताप एकशे तीनच्या वर. हातपाय फळीसारखे ताठ, घामाने गादी भिजलेली, डोळे उघडे. तिने हात वाकवायचा प्रयत्न केला, वाकेना. पाणी चमच्याने घातलं, गिळेना. खिडकीखाली भाजीवाला ओरडत होता, शेजारी कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, आणि सुलक्षणा पलंगाशी उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. रेघा फरशीवर होत्या. माणूस पलंगावरून उठत नव्हता. काय करायचं हे तिला सुचेना, म्हणून ती टाळ्या वाजवत राहिली.

टाळ्या ऐकून जयंतीकाकू आल्या, त्यांनी पलंगाकडे एक नजर टाकली आणि महाराजांचं नावही न घेता ॲम्ब्युलन्सला फोन केला.

* * *

सरकारी इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारलं, "पार्किन्सनच्या गोळ्या कोणत्या? वेळेवर चालू आहेत ना?"

"हो," सुलक्षणा म्हणाली.

"शेवटची कधी दिली?"

"सकाळी."

डॉक्टर लिहायला लागला. पेन दोन ओळी पुढे गेलं आणि तिला कळलं की आपण आत्ता काय करतो आहोत. तिने त्याचा हात धरला. "नाही दिली. सहा दिवस झाले. सगळ्या बंद केल्या मी."

डॉक्टर ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला आणि पळाला.

दत्ताराम वाचला. नऊ दिवस आयसीयूत, नाकात नळी, नळीतून कुटलेल्या गोळ्या. बंगलोरहून तशीच निघून आलेली मानसी बाहेरच्या बाकावर आईशेजारी बसायची. ती आईला एक शब्दही टोचून बोलली नाही. सुलक्षणाला तेही सहन होत नव्हतं.

वॉर्डात आणल्यावर तिसऱ्या दिवशी दत्तारामला थोडा आवाज फुटला. सुलक्षणा त्याला पेज भरवत होती.

"चवथ्या दिसाक माझ्या ध्यानात इल्ला," तो म्हणाला. प्रत्येक शब्दामागे तो थांबत होता. "गोळी दी म्हणान सांगूचा होता. तोंडच उघडला नाय."

चमचा तिच्या हातातच राहिला. चौथा, पाचवा, सहावा, असे तीन दिवस तो तिच्याकडे बघत होता. ती त्याला जप समजत होती.

"माका पण चलूचा होता गे," तो म्हणाला. "तुझो एकटीचो दोष नाय."

ती उठून संडासात गेली आणि नळ सोडून रडली.

* * *

दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिजिओथेरपीची श्रुतिका आली. पंचविशीची, पायात कॅनव्हासचे बूट, बोलायला फटकळ. तिने दत्तारामला उभं केलं आणि म्हणाली, "चला काका." काका थिजले. तिने खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली, गुडघ्यांवर बसून फरशीवर भराभर आडव्या पट्ट्या लावल्या, एका पावलावर एक. "आता खोलीभर चालू नका. फक्त ही पट्टी ओलांडा. मग ती. एक, दोन, एक, दोन."

दत्तारामने पाय उचलला. ओलांडली. दुसरी ओलांडली. अशक्त होता, तिच्या खांद्याचा आधार होता, पण पाय सुटले होते.

सुलक्षणा ताडकन उभी राहिली. "हे... हे तर महाराजांचं आहे!"

"कुठले महाराज?"

सुलक्षणाने हॉलमधल्या रेघांचं, दोऱ्याचं, ढोलाचं सगळं सांगितलं. श्रुतिका ऐकत होती, तिचा चेहरा तापत चालला होता.

"काकू, हे आम्ही रोज करतो. व्यायामाच्या विभागात कुठेही जा, फरशीवर पट्ट्या दिसतील. तुमच्या महाराजांनी कुठेतरी पाहिलं असेल आणि चिकटपट्टीच्या जागी हळद घातली."

"पण असं होतं कसं? रेघेनं पाय कसे सुटतात?"

श्रुतिकाने दत्तारामला पलंगाच्या कडेवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. "आता तुम्ही उभ्या राहिलात ना? पाय हलायच्या आधीच तुमच्या मेंदूत तयारी झाली. वजन कुठल्या पायावर घ्यायचं, कुठला स्नायू आधी ओढायचा, पाऊल केवढं टाकायचं. तुम्हाला पत्ताही लागला नाही. ही तयारी नीट व्हायला एक रसायन लागतं, डोपामिन. मेंदूच्या तळाशी काही काळसर पेशी असतात, त्या ते बनवतात. काकांच्या त्या पेशी मरत चालल्यात. म्हणजे पायात जोर आहे, मनात इच्छा आहे, पण मधली तयारी पुरी होत नाही. चालायचं ठरवतात, आणि 'निघ' हा हुकूम अर्ध्यावर राहतो. चालण्याचं तसंच वळण्याचं, गिळण्याचं, बोलण्याचं."

सुलक्षणाने नवऱ्याकडे पाहिलं. तोंडच उघडला नाय.

"मग रेघ?"

"आपण मनाने निघतो तेव्हा मेंदू जो रस्ता वापरतो, तो काकांचा खराब झालाय. पण समोर काहीतरी दिसलं आणि ते ओलांडायचं असेल, किंवा कानावर ठेका पडत असेल, तर हुकूम बाहेरून मिळतो. त्याला मेंदू दुसरा रस्ता वापरतो, आणि तो रस्ता बराचसा शाबूत असतो. म्हणून रेघ, म्हणून ढोल. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, पण पुष्कळांना होतो. आता बघा." तिने शेवटच्या तीन पट्ट्या उचकटल्या आणि दत्तारामला पुन्हा उभं करून चालवलं. दत्ताराम पट्ट्या संपल्या तिथे आला आणि जागच्या जागी थिजला.

"हॉलमध्ये रेघा संपल्यावर काय झालं होतं, काकू?"

सुलक्षणा आठवायला लागली. मिठी. खुर्ची. हार. साध्या फरशीवर एक पाऊलसुद्धा कुणी टाकू दिलं नव्हतं. आधीच्या म्हाताऱ्यालाही नाही.

"आणि सकाळची गोळी देऊ नका म्हणाले असतील."

"तुला कसं कळलं?"

"गोळी घेऊन काका स्वतःच्या पायांनी आले असते तर चमत्कार कसला? उचलून आणला तरच चालवण्यात गंमत. ज्यांचे पाय थिजतात तेच निवडायचे. लकव्याच्या, फ्रॅक्चरच्या माणसाला काय सांगतात?"

"भोग शिल्लक आहेत म्हणून परत पाठवतात," सुलक्षणा हळूच म्हणाली.

"झालं तर. दोऱ्याने पाय मापून पावलाचं अंतर काढलं, की झाले महाराज." श्रुतिका उठली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, रेघेनं आजार जात नाही. गोळीनंही जात नाही. पण गोळी बंद झाली की काय होतं ते तुम्ही पाहिलंत."

* * *

दत्ताराम घरी आला, पण आधीचा दत्ताराम आला नाही. पूर्वी तो स्वतःची अंघोळ करायचा, आता करत नव्हता. डॉक्टर म्हणाले, थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. सुलक्षणा यावर काहीच करू शकत नव्हती. जे एक करता येईल असं तिला वाटलं, त्यासाठी ती एका रविवारी सुट्टीवर असलेल्या श्रुतिकाला घेऊन मुलुंडच्या हॉलवर गेली.

हॉल तसाच भरला होता. ढोल थांबल्यावर ती तिसऱ्या रांगेतून उभी राहिली. "महाराज, माझ्या नवऱ्याला तुम्ही चालवलंत. गोळ्या बंद करायला लावल्यात, ते मरता मरता वाचले. आता या रेघा पुसा आणि आत्ता ज्यांना चालवलंत त्यांना साध्या फरशीवर चालवून दाखवा. एवढंच."

गतिनाथांनी मंद हसून डोळे मिटले. "जिथे श्रद्धा अर्धी, तिथे फळही अर्धं. माई, गोळ्या मनातून सोडल्या नव्हत्यास तू."

"बरोबर आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "खाली बसा हो!" दुसरी बाई म्हणाली, "आमचा नंबर आहे, मध्ये कशाला?" श्रुतिका मोठ्याने काहीतरी समजावून सांगत होती, ढोल सुरू झाला आणि तिचा आवाज त्यात बुडाला. सेवेकऱ्यांनी दोघींना दंडाला धरून, अगदी नम्रपणे, बाहेर चपलांच्या ढिगाशी आणून सोडलं.

तिथे पायरीजवळ एक वयस्क गृहस्थ थिजून उभे होते. श्यामसुंदर नाव त्यांचं. त्यांचा मुलगा राजेश त्यांना आत ओढायचा प्रयत्न करत होता. सुलक्षणाने ते वाकलेलं अंग, ते चिकटलेले पाय ओळखले. तिने काही न बोलता श्रुतिकाच्या पर्समधली चिकटपट्टी घेतली आणि गुडघे टेकून व्हरांड्याच्या फरशीवर पट्ट्या लावायला लागली.

"फक्त ही ओलांडा, दादा. मग ती. एक, दोन."

श्यामसुंदर चालले. चपला काढणारी आठ-दहा माणसं थांबली. पट्ट्या संपल्या, ते थिजले. सुलक्षणाने पुढे आणखी चार लावल्या. ते पुन्हा निघाले.

"बघा!" ती म्हणाली. "हळद नाही, मंत्र नाही. औषधाच्या दुकानात मिळते ही पट्टी."

गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईने पुढे होऊन सुलक्षणाच्या पायावर डोकं ठेवलं. "माई, महाराजांची शक्ती तुमच्यात उतरली!"

सुलक्षणा मागे सरकली. तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. "उठा हो! पाया कसल्या पडताय? माझ्यात काही नाही! मी माझ्या नवऱ्याला सहा दिवस गोळीवाचून ठेवला, त्याला बोलता येत नव्हतं आणि मी टाळ्या वाजवत बसले होते. ही माझी शक्ती! डोळ्यांना दिसलं म्हणजे समजलं असं नसतं, बाई. का झालं ते विचारा. रेघ पुसली तर काय होईल, विचारा. आणि जो विचारू देत नाही त्याच्या दारातून घरी जा."

म्हातारी उठली, दुखावल्यासारखी, आणि आत निघून गेली. तिच्यामागे बाकीचेही. व्हरांड्यात चिकटपट्टीच्या कडा चपलांनी दुमडत होत्या.

राजेश मात्र गेला नव्हता. "सकाळची गोळी दिली नाही मी," तो अडखळत म्हणाला. "त्यांनी नको सांगितलं होतं."

"आहे का जवळ?" श्रुतिकाने विचारलं.

त्याने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. सुलक्षणाने पाण्याची बाटली पुढे केली. श्यामसुंदरांनी गोळी घेतली. ती लागू व्हायला पाऊण तास तरी लागतो. तोवर चौघंही हॉलच्या पायरीवर बसून राहिली. आत दोनदा जयजयकार झाला, कुणी वळून पाहिलं नाही.

मग श्यामसुंदर उठले. पट्ट्या नव्हत्या त्या बाजूने, वाकून, मुलाचा हात धरून, छोटी छोटी पावलं टाकत ते फाटकाबाहेर थांबलेल्या रिक्षापर्यंत गेले. दोन ठिकाणी थांबले, पुन्हा निघाले. औषध एवढंच करू शकत होतं आणि तेवढं त्याने केलं. टाळी कुणी वाजवली नाही.